फ्रान्समधली मुक्कामी गाडी

“गाव हाय म्हणल्यावर थांबा हाय, गुरुजी.”

हे वाक्य तोंडातून पुरते निघण्यापूर्वीच त्यांचा पाय ब्रेकवर गेलेला असे. मान किंचित पुढे काढून ते रस्त्याच्या कडेला कोणी उभे आहे का ते पाहत, गाडी थांबवीत, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून काही क्षण स्वस्थ बसत आणि मग स्वतःशीच म्हणत, “कोणी न्हाई. चला.” परभणी जिल्ह्याच्या रस्त्यांवर त्यांनी जन्मभर हेच केले होते, तेव्हा इकडे त्याचे कोणाला नवल वाटले नसते. मी मात्र त्यांना हे करताना अगदी शेजारच्या आसनावरून पाहिले ते फ्रान्स देशात, आणि तेव्हा ते एसटीतून निवृत्त झालेले होते.

ते आमचे शेजारी. परभणीत त्यांच्या आणि आमच्या घरामध्ये एकच भिंत. मूळचे झरीचे, मेंढ्या राखणाऱ्या कुटुंबातले. थोरल्या भावाचा कळप अजूनही त्या शिवारात हिंडत असतो. ते स्वतः तरुणपणीच एसटीत चालक झाले आणि पाथरी, जिंतूर, येलदरी या मार्गांवर त्यांची सारी नोकरी गेली. आपल्यापैकी ज्यांनी या मार्गांवर प्रवास केला असेल, त्यांनी त्यांची पाठ निश्चित पाहिली असेल. खाकी सदरा, ताठ मणका, आणि मानेभोवती घडी करून ठेवलेला पांढरा रुमाल. त्यांची गाडी वेळेवर पोहोचल्याचे कोणाला आठवत नाही. त्यांची गाडी चुकल्याचेही कोणाला आठवत नाही. बांधावरून कोणी हात करीत पळत येताना दिसले, की ते गाडीचे इंजिन चालू ठेवून थांबत. आतले प्रवासी कुरकुरत. त्यांना ते म्हणत, “उशीर केला तर तुमी आज शिव्या द्याल. टाकून गेलो तर ते माणूस जल्मभर देईल.”

येलदरीची मुक्कामी गाडी त्यांच्या विशेष आवडीची. सायंकाळी ती धरणाकडच्या त्या गावी पोहोचे, चालक-वाहक गाडीतच झोपत, आणि उजाडण्याच्या सुमारास तीच गाडी परत निघे. कोणी त्यांना भाकरी आणून देई, कोणी नदीतले मासे. “गाडीत निजलं की गाव आपलं होतंय,” असे त्यांचे मत होते. निवृत्तीनंतर त्यांना दुसऱ्या कशाचे नाही, पण या झोपेचे दुःख झाले होते. पत्नी पूर्वीच निवर्तलेली, मुलगा चाकणला कंपनीत. घरी पलंग होता, गादी होती, पण झोप येत नसे.

माझी पत्नी माघात गेली. त्यानंतरच्या दिवसांविषयी मला फारसे लिहिता येणार नाही, कारण लिहिण्याजोगे माझ्यात काही घडले नाही. हात बधिर झाला असता आपलेच बोट दुसऱ्याचे वाटावे, तसे मला माझे दिवस वाटत. नित्यपूजा चालू होती. स्तोत्रे मुखोद्गत असल्यामुळे ती आपोआप म्हटली जात; मध्येच कोणी थांबवून विचारले असते, तर कोणत्या देवतेचे स्तवन चालले आहे हे मला सांगता आले नसते. लोक भेटावयास येत, माझ्या धीराची प्रशंसा करीत. तो धीर नव्हता. पण तेवढी दुरुस्ती करण्याचेही मला प्रयोजन वाटले नाही.

शेजारच्या भिंतीपलीकडून मात्र रोज सकाळी हाक येई. “गुरुजी, उठलाव का?”

“उठलो.”

“मग या. चहा ठिवलाय.”

मी जात असे. ते बोलत, मी ऐकत असे. कित्येकदा ऐकतही नसे.

माझा मुलगा फ्रान्समध्ये नोकरी करतो. आम्हा दोघांना तिकडे बोलवावे आणि मित्राची चाकांवरची घरगाडी घेऊन, म्हणजे ज्यात झोपण्याची, स्वयंपाकाची सारी सोय असते अशी मोठी गाडी घेऊन, तो देश खेडोपाडी दाखवावा, असा त्याचा संकल्प होता. आई गेल्यावर तो म्हणाला, “बाबा, तुम्ही तरी या.” मी एकटा जाईन हे त्याला पटले नाही, आणि एवढी लांब गाडी अरुंद रस्त्यांवरून चालवण्याचा धीर त्याला स्वतःला नव्हता. म्हणून त्याने शेजारच्या काकांनाच विचारले. ते तत्काळ तयार झाले आणि परवान्याचे कागदही करून घेतले. त्यांनी एकच प्रश्न विचारला होता: “गाडीतच निजायचं का?” होकार मिळाल्यावर त्यांनी दुसरे काही विचारले नाही.

विमानात ते बराच वेळ अस्वस्थ होते. पट्टा सोडीत, पुन्हा लावीत. शेवटी माझ्याकडे झुकून म्हणाले, “गुरुजी, एक सांगू का? सांगू नका म्हणलंय तुमच्या पोरानं.”

“मग सांगू नका.”

“न्हाई, सांगतोच. पोटात ठिवलं तर मला पचायचं न्हाई. तुमाला तिकडंच कायमचं ठिवून घ्यायचा त्याचा इचार हाय. आन तुमाला राजी करायचा जिम्मा माझ्यावर टाकलाय. मी शबुद दिलाय.”

“बरे.”

“बरे काय? राजी हाव का?”

मला त्याचे उत्तर ठाऊक नव्हते. कोठे राहावे याविषयी मनात काही इच्छा असेल म्हणून मी शोधून पाहिले, आणि तेथे काहीच आढळले नाही. तसे मी त्यांना सांगितले. ते मोठ्या समाधानाने मागे टेकले आणि म्हणाले, “मग सोपं हाय. खाली गाडी भरायला येळ लागत न्हाई.”

अशा रीतीने आमचा प्रवास सुरू झाला. मुलगा मागच्या लहानशा मेजापाशी संगणक उघडून आपली नोकरी करीत असे. पुढे ते आणि मी. त्या देशात रस्त्याच्या उजव्या अंगाने जावे लागते, आणि प्रवाशांचे दारही उजव्या अंगाला. पहिले काही दिवस ते सवयीने डावीकडे पाहत आणि तिकडे शेते दिसली की ओशाळत. गाडीला त्यांनी पहिल्याच दिवशी नाव देऊन टाकले: मुक्कामी गाडी. सायंकाळी एखाद्या गावाबाहेर झाडांखाली ती उभी केली, की ते चार बाजूंनी फिरून टायरवर हाताने थापटून पाहत आणि मग समाधानाने आपल्या पथारीवर जात. येलदरीनंतर इतकी गाढ झोप आपल्याला प्रथमच लागली, असे ते सांगत.

त्या देशातली खेडी अतिशय शांत. दगडी घरे, उतरती छपरे, खिडक्यांना लाकडी झडपा, खिडकीखाली फुलांच्या कुंड्या, मध्यभागी प्रार्थनामंदिर आणि त्याच्या पुढे युद्धात पडलेल्या त्या गावच्या मुलांची नावे कोरलेला एक स्तंभ. लहानशा खेड्यातही ती नावे पुष्कळ असत. रस्त्यावर माणूस क्वचित दिसे. भर दुपारी गावातून जावे आणि एखाद्या भांड्यावर चमचा वाजल्याचा आवाज दुरून ऐकू यावा, एवढेच गाव जिवंत असल्याचे चिन्ह.

एका वळणावर त्यांनी पूर्वसंस्काराने हॉर्न दिला. आपल्याकडे वळणावर हॉर्न न देणारा चालक बेजबाबदार ठरतो. तेथे मात्र वरच्या मजल्यावरची एक झडप उघडली, एका वृद्धाने खाली पाहिले, रागावला नाही, आणि झडप हळूच लावून घेतली. आमचे चालक इतके खजील झाले, की भर कीर्तनात आपल्याच हातून भांडे पडल्यासारखा त्यांचा चेहरा झाला. त्यानंतर संपूर्ण प्रवासात त्यांनी हॉर्नला स्पर्श केला नाही. वळण आले की तोंडाने मात्र हलकेच “पों” म्हणत. ते केवळ मला ऐकू येई.

आणि थांबे. गावाची पाटी दिसली, रस्त्याच्या कडेला बसचा निवारा दिसला, की गाडी थांबे. मागून मुलाचा आवाज येई, “काका, ही एसटी नाही हो!”

“ठाव हाय.”

“मग थांबता कशाला?”

“गाव हाय म्हणल्यावर थांबा हाय.”

“पण चढणार कोण आहे?”

“कोणी न्हाई. चला.”

हा संवाद दिवसातून कितीतरी वेळा होई. पुढे पुढे मुलाने तो सोडून दिला.

दिलेला शब्द ते निष्ठेने पाळीत होते. प्रत्येक रिकाम्या थांब्यावर गाडी उभी असताना ते मला म्हणत, “बगा गुरुजी, किती शांत हाय. तुमच्या जपाला लय ब्येस. न्हाईतर आपली गल्ली. एकीकडं मिक्सर, एकीकडं लाउडस्पीकर.” मी मान हलवीत असे. ते आणखी मुद्दे काढीत. “हवा बगा. पाणी बगा. माणसं बी सालस हायेत.” हे सारे खरेच होते. परंतु मला असे दिसे, की शांततेची स्तुती करीत असताना त्यांची नजर निवाऱ्याच्या रिकाम्या बाकावर खिळलेली आहे, आणि तेथून ती त्यांना काढून घ्यावी लागते आहे.

माणसे सालस असल्याचा प्रत्यय एका पावाच्या दुकानात आला. ते आत जाऊन एका लांबट पावाकडे बोट दाखवून उभे राहिले. दुकानदार बाई प्रसन्न मुद्रेने त्यांच्याकडे पाहत राहिली, पण हात हलवीना. त्यांनी पुन्हा बोट दाखवले. पुन्हा तेच. मुलाने मागून सांगितले, “काका, आधी बोंझूर म्हणायचं असतं. त्याशिवाय इथे व्यवहार सुरू होत नाही.” त्यांनी दोन्ही हात जोडून मोठ्याने “बोंजूर” म्हटले. बाईनेही म्हटले, आणि लगेच पाव कागदात गुंडाळला गेला. बाहेर आल्यावर ते म्हणाले, “बराबर हाय तिचं. राम राम न घालता एकदम मागायचं म्हणजे काय रीत झाली?” तेव्हापासून पेट्रोल भरणारा, रस्ता झाडणारा, बाकावर बसलेला, जो दिसेल त्याला ते बोंजूर घालीत आणि त्याचे उत्तर मिळेपर्यंत पुढे जात नसत.

एका गावी मला प्रार्थनामंदिर पाहावेसे वाटले, म्हणजे ते समोर होते म्हणून मी आत निघालो. देवाचे स्थान म्हणून आम्ही दोघांनी पायऱ्यांवर पादत्राणे काढली. आत थंड दगडी जमीन, रंगीत काचांतून उतरलेला प्रकाश, एक मेणबत्ती. मी हात जोडून उभा राहिलो. मनात काहीच आले नाही. माझ्या घरच्या देवांसमोर येत नव्हते, ते येथे यावे अशी माझी अपेक्षाही नव्हती. ते माझ्या शेजारी डोळे मिटून उभे होते.

“काय मागितलं, गुरुजी?” त्यांनी निघताना कुजबुजून विचारले.

“काही नाही. आपण?”

“तुमी हितं राहावं म्हणून मागितलं. जिम्मा हाय माझा.” मग थोडे थांबून म्हणाले, “पर लय जोर लावून न्हाई मागितलं.”

बाहेर येऊन पाहतो, तो आमच्या पादत्राणांपाशी एक वयोवृद्ध फ्रेंच गृहस्थ हातातली टोपी छातीशी धरून उभे होते. बेवारस जोडे कोणी नेऊ नयेत म्हणून की कोणी मनुष्य आत संकटात आहे अशा शंकेने, ते मला अद्याप कळलेले नाही. आम्हाला पाहून त्यांनी बोंझूर म्हटले, आम्ही जोडे पायात घालीपर्यंत थांबले आणि मग आपल्या वाटेने गेले. अशी ती माणसे. आपण होऊन जवळ येत नाहीत, पण आपल्याकडे त्यांचे लक्ष असते.

यानंतर काही दिवसांनी ती गोष्ट घडली, जिच्यासाठी मी हे सर्व लिहीत आहे.

दुपारची वेळ. एका गावाच्या शेवटी दगडी निवारा होता. त्यांनी नित्याप्रमाणे गाडी थांबवली, मान पुढे काढली, आणि “कोणी न्हाई” हे शब्द आले नाहीत. त्याऐवजी त्यांनी माझे मनगट घट्ट धरले.

“गुरुजी! पासिंजर हाय!”

खरोखरच होते. निळा स्वेटर घातलेली, पांढऱ्या आखूड केसांची एक वृद्धा हातात काठी आणि वेताची टोपली घेऊन उभी होती. टोपलीतून पाव डोकावत होते. हे आसनावरून उठले, मागच्या बाजूने जाऊन उजवीकडचे दार उघडले, पायरी खाली सोडली आणि म्हणाले, “बोंजूर, बाई.” तीही बोंझूर म्हणाली. तिने एकदा गाडीकडे, एकदा त्यांच्या मानेवरच्या रुमालाकडे पाहिले आणि काही विचारले. यांनी हात आत वळवला. “या. बसा. जागाच जागा हाय.”

ती चढली.

माझा मुलगा कानांना यंत्र लावून कार्यालयाच्या बैठकीत बोलत होता. त्याने मान वर केली, तो समोर मांडीवर टोपली घेऊन एक अपरिचित वृद्धा बसलेली. त्याचे वाक्य अर्धे राहिले.

“काका! कोण आहेत ह्या?”

“पासिंजर. कुठं उतरायचं इचार.”

मुलाने बैठकीतल्या लोकांची क्षमा मागून तिच्याशी बोलणे केले. तिला पुढच्या गावी, आपल्या घरी जावयाचे होते. तिच्या गावातले पावाचे दुकान बंद झाले होते, आणि बसही हिवाळ्यापासून बंद होती. ती निवाऱ्यात उभी राहते, कोणी ओळखीचे मोटारीतून जात असले तर नेते. ग्रामपंचायतीने ही नवी गाडी सुरू केली आहे काय, असे तिने विचारले होते.

“हाव म्हण,” हे गाडी चालू करीत म्हणाले. “काय बिघडतंय?”

मुलाने खरे ते सांगितले. ती मनापासून हसली, पण उतरली नाही.

गाडी चालू असता तिने आमची चौकशी केली. मुलाने माझ्याविषयी सांगितले असावे, कारण तिने मान वळवून माझ्याकडे पाहिले आणि हळू आवाजात दोन शब्द उच्चारले. मग ते दोघे बराच वेळ बोलत राहिले. मुलाने मला भाषांतर करून सांगितले, की या बाईंचाही मुलगा मोठ्या शहरात असतो. त्याने त्यांच्यासाठी वेगळी खोली तयार करून ठेवली आहे, सज्जासुद्धा आहे. पण त्या जात नाहीत.

“कामून?” पुढून प्रश्न आला. “कामून जात न्हाईत, इचार.”

मुलाने विचारले. वृद्धेने उत्तर दिले, तेव्हा मुलगा थोडा घुटमळला. मग म्हणाला, “त्या म्हणतात, त्यांच्या घरासमोर दुसऱ्या एक बाई राहतात. रोज दुपारची जेवणं झाली, की दोघी आपापल्या खिडक्या उघडतात. त्या बाई हात वर करतात, ह्याही करतात. मी शहरात गेले, तर ती हात कोणाला करील, असं म्हणतात.”

“बोलत न्हाईत का दोघी?”

“नाही म्हणे. पूर्वी एकदा भांडण झालं होतं. कशावरून, ते आता दोघींनाही आठवत नाही. ह्या जास्तीचा पाव आणतात आणि तिच्या दाराच्या कडीला अडकवून ठेवतात.”

एक वळण आले. त्यांनी तोंडाने “पों” म्हटले नाही.

वृद्धेचे घर गावाच्या आरंभीच होते. त्यांनी दार उघडून तिला हात दिला आणि पायरीवरून उतरवले. ती काठी टेकीत रस्ता ओलांडून समोरच्या घरापाशी गेली, कडीला पाव अडकवला आणि आपल्या दाराशी परत आली. इतक्यात समोरची खिडकी उघडली. एक किरकोळ बांध्याची म्हातारी तीत दिसू लागली. तिने हात वर केला, आणि आमची गाडी व गाडीशेजारी उभे असलेले हे गृहस्थ पाहून तो हात तसाच अर्ध्यावर राहिला. तेव्हा यांनी आपला हात वर केला. क्षणभर विचार करून तिने आपला हात पूर्ण वर नेला.

त्या दिवसापासून त्यांनी मला राजी करण्याचे सोडले. गावे येत राहिली, थांबे येत राहिले, बाक रिकामे राहिले. पण “बगा गुरुजी, किती शांत” हे पुन्हा ऐकू आले नाही. मला त्यामुळे बरे वाटले, किंवा वाईट वाटले, असे नाही. एवढेच, की ते माझ्या ध्यानात आले.

परत निघण्याच्या आदल्या दिवशी मुलाने गाडी मित्राच्या स्वाधीन केली. घरी आल्यावर तो त्यांना स्वयंपाकघरात घेऊन गेला. मी बाहेरच्या खोलीत होतो. दार उघडे होते.

“काका, बाबांशी बोललात?”

“बोललो की.”

“काय म्हणाले?”

“न्हाई म्हणले. साफ न्हाई म्हणले. लय समजावलं मी. ऐकतच न्हाईत. परभणी सोडायची न्हाई म्हणले.”

मी असे काहीही म्हणालो नव्हतो. मुलगा बाहेर आला, माझ्याजवळ बसला आणि विचारू लागला, “बाबा, खरंच?” माझ्या मुखातून एक शब्द निघाला असता, तर ते असत्य तेथेच उघडे पडले असते. त्याच्या खांद्यावरून मला ते दिसत होते. स्वयंपाकघराच्या दाराशी ते पाठमोरे उभे राहून, आधीच पुसलेला पेला पुन्हा पुशीत होते. मी होकारार्थी मान हलवली.

विमान उडाल्यावर मी म्हणालो, “मी नाही केव्हा म्हणालो होतो?”

“तुमी हो बी म्हणला न्हाईत.”

“ते खरे.”

“मग? थांब्यावर माणूस उभं हाय आन हात करीत न्हाई. चढायचं का न्हाई, कळत न्हाई. अशा टायमाला ड्रायव्हरनंच ठरवायचं असतंय.” मग त्यांचा आवाज खाली आला. “तुमी तिकडं राहिल्यावर सकाळी मी कुणाला हाक मारू, गुरुजी?”

थोड्या वेळाने ते पुन्हा म्हणाले, “तुमच्या पोराला दिलेला शबुद मोडला मी. वरून खोटं बोललो. शास्त्रात काय सांगितलंय याला?”

“प्रायश्चित्त सांगितले आहे.”

“काय?”

“रोज सकाळी शेजाऱ्यास चहा पाजावा.”

पत्नी गेल्यानंतर माझ्याकडून झालेला तो पहिलाच विनोद असावा. ते इतक्या मोठ्याने हसले, की पुढच्या आसनावरच्या माणसाने मागे वळून पाहिले. यांनी त्याला बोंजूर घातला.

ते प्रायश्चित्त त्यांनी पुढे अखंड घेतले. गल्लीतले लोक त्यांना “फ्रान्स डेपो” म्हणून चिडवीत. ते चिडत नसत. किराणा दुकानात कोणी पोराने एकदम “पावशेर साखर द्या” म्हटले, की ते बाजूने दटावीत, “आधी राम राम घाल, मग साखर माग.” फ्रान्सविषयी लोकांनी विचारले तर तिथली उंच छपरे, मद्य, मेंढ्या यांविषयी सांगत. त्या दोन खिडक्यांविषयी त्यांनी कोणाला सांगितल्याचे मी ऐकले नाही.

श्रावणात ते भावाकडे झरीला गेले होते. दुपारी लिंबाखाली बसून चहा पीत असता त्यांनी कप खाली ठेवला आणि बाजूला कलंडले. मी पोहोचलो तेव्हा सर्व तयारी झाली होती. मला मंत्र म्हणावयास सांगण्यात आले. मी म्हटले. स्वर कोठेही अडखळला नाही. विधी संपल्यावर त्यांचे थोरले बंधू जवळ आले. घोंगडी खांद्यावर, डोळे कोरडे.

“तुमीच का ते शेजारचे गुरुजी?”

“होय.”

“तिकडून तुमाला वापस आणलं म्हणून सांगत व्हता. दरखेपेला सांगायचा. लय खुश व्हता.”

मी नमस्कार केला आणि निघालो. पुढे महिन्याभराने त्यांच्या मुलाने घराला कुलूप लावले आणि तो चाकणला गेला.

माझ्या मुलाचा दूरध्वनी येऊ लागला. “बाबा, आता तिथे कोण आहे? आता तरी या.” त्याचे म्हणणे यथार्थ होते. माझ्यापाशी प्रतिवाद नव्हता आणि इच्छाही नव्हती, म्हणून मी बरे म्हणालो. त्याने तिकीट पाठवले. मी देवघरातल्या मूर्ती रेशमी वस्त्रात गुंडाळून बरोबर घेतल्या, सामान बांधले, आणि ठरलेल्या दिवशी सकाळी रिक्षा दाराशी येऊन उभी राहिली.

आपल्याकडे घर बंद करून गावाला जाताना किल्ली बरोबर नेण्याची रीत नाही. ती शेजारी द्यावयाची. मागे तुळशीला पाणी कोणी घालावे, पाऊस आला तर गच्चीचे दार कोणी पाहावे, पाहुणा आला तर त्याला कोणी बसवावे? मी कुलूप लावले, ओढून पाहिले आणि किल्ली घेऊन शेजारच्या ओट्यावर चढलो. हात पुढे केलेला होता. समोर बंद दार, आणि त्यावर दुसरे कुलूप.

तेथे मी किती वेळ उभा होतो ते सांगता येत नाही. रिक्षावाल्याने दोनदा हाक मारली. “बाबा, चलायचं ना? गाडी चुकंल.” मी ओटा उतरून आलो, आमचे दार उघडले, आणि त्याला सामान आत आणून ठेवावयास सांगितले.

दुपारी मुलाचा दूरध्वनी आला. “बाबा, निघालात ना?”

“नाही.”

“का? काय झालं? बरं वाटत नाही का?”

“प्रकृती ठीक आहे. किल्ली ठेवायला कोणी नाही.”

“म्हणजे? बाबा, किल्ली बरोबर घेऊन या ना!”

मी त्याला काय सांगणार होतो? सांगण्यासाठी तोंड उघडले, आणि माझा स्वर अडखळला.